चेंडू हातात नसताना

देवाने सहा दिवसांत जग घडवलं आणि सातव्या दिवशी विश्रांती घेतली, असं सगळी ख्रिस्ती मंडळी मानतात. मालवणातले माझे घरमालक मात्र सातव्या दिवशी देव बास्केटबॉल खेळला यावर ठाम आहेत. "विश्रांती म्हणजे काय झोपलो?" ते विचारतात. "सहा दिस काम करून जो सातव्या दिसा नुसतो लोळता, तेका कामच जमला नाय असा समज." हा खेळ माणसाला फार उशिरा सुचला हे त्यांना मान्य आहे, पण त्यात चूक माणसाची, देवाची नव्हे. बायबलातल्या कुठल्याही पानावर बोट ठेवा, तिसऱ्या वाक्याला ते रिंगखाली पोहोचलेले असतात.

मी मूळचा खारेपाटणचा, जमीन मोजणी खात्यातला. बदली होऊन सामानाच्या टेम्पोसकट मालवणात आलो आणि जागा बघायला त्यांच्या अंगणात उभा राहिलो, तेव्हा घरमालक लोक विचारतात त्यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही. आमचं आडनाव नाही, गाव नाही, मासे खाता की नाही तेही नाही. साडेसहा फुटांना थोडेसेच कमी असलेले ते गृहस्थ वरून माझ्याकडे बघत म्हणाले, "चेडवाची उंची किती?" माझी केतकी तेव्हा सहावीत होती. मी माझ्या खांद्याला हात लावून दाखवलं. त्यांचा चेहरा जरा उजळला. मग मी मोजणीवाला आहे हे कळल्यावर तर त्यांनी मला दंडाला धरून घराच्या मागेच नेलं. तिथे माडांच्या मधोमध लाल मातीचं, शेणाने सारवल्यासारखं गुळगुळीत बास्केटबॉलचं कोर्ट होतं. आमचं सामान टेम्पोतच होतं. त्यातून सगळ्यात आधी उतरला तो माझा टेप. कोर्ट समुद्राच्या बाजूला वीतभर आखूड भरलं. "म्हणान आमची चेडवा थयसून चुकतत!" असं म्हणून त्यांनी कितीतरी वर्षांचं कोडं सुटल्यासारखा नि:श्वास सोडला. त्या बाजूला माड होता आणि माड तोडणं त्यांच्या हातून होणारं नव्हतं, म्हणून आम्ही दुसऱ्या बाजूचा खांब वीतभर मागे नेला. त्या दिवशी जेवण त्यांच्याकडेच झालं, आणि घर आपल्याला मिळालं की नाही हे विचारायचं मी विसरून गेलो.

अंकल, म्हणजे हे घरमालक, नोकरीच्या काळात मुंबईला एका कंपनीच्या संघातून खेळलेले. निवृत्त होऊन आंटीबरोबर गावी परतले आणि वाडीतल्या मुलींचा संघ उभा केला. त्यांच्या गळ्यात एकाच काळ्या दोऱ्यात क्रूस आणि शिट्टी असे दोन्ही असतात. घाईत असले की ते शिट्टीचं चुंबन घेतात आणि क्रूस फुंकतात. शिट्टीचा उपयोग मैदानापुरता असता तर काही म्हणणं नव्हतं. नळावर कुणी दुसऱ्याला कोपर मारून हंडा पुढे सरकवला की शिट्टी. लग्नात कुणी माइक धरून दोन वाक्यांपेक्षा जास्त बोललं की शिट्टी. एका रविवारी चर्चमध्ये प्रवचन लांबलं तेव्हा त्यांचा हात गळ्याकडे गेलेला बघून आंटींनी तो वरच्या वर धरला. "फादर चेंडू आपटल्याबिगर घेवन चलत सुटले होते गो," ते नंतर म्हणाले, "मी तरी काय करू?"

वस्तू हातात देणं त्यांना ठाऊकच नाही. ते पास देतात. नारळ, कोकमाची पिशवी, मोबाइलचा चार्जर, सगळं छातीपासून दोन्ही हातांनी ढकललेलं, सरळ तुमच्या छातीकडे येतं. आम्ही राहायला गेलो त्याच आठवड्यात माझी बायको कपडे वाळत घालत असताना हाक आली, "वैनीनु, घेवा!" आणि पाठोपाठ नीरफणस आला. तिने किंकाळी फोडली, पण झेलला. "वैनींचे हात बरे आसत," असं प्रशस्तिपत्र त्यांनी आंटींपाशी दिलं. वर्षभरात ती एका हाताने झेलायला लागली, आणि माहेरी गेल्यावर तिच्या भावाने पाण्याचा तांब्या नुसता हातात दिला तर तिला ते मिळमिळीत वाटलं.

त्यांचं धर्मज्ञान याच चालीचं आहे. येशूने बरोबर बारा शिष्य घेतले, कारण संघात बाराच नावं देता येतात. पेत्र हा कर्णधार, माणूस सोन्यासारखा, पण डोकं गरम. त्याने तलवारीने एकाचा कान उडवला तो सरळसरळ फाउल होता आणि येशूने तिथल्या तिथे शिट्टी वाजवली. थॉमस म्हणजे पंच, स्वतः बोट लावून बघितल्याशिवाय गुण देणार नाही. यहूदाबद्दल ते फारसं बोलत नाहीत. "तेणी पास दुसऱ्या टीमक दिल्यान," एवढंच म्हणतात. माझ्या बायकोने एकदा विचारलं, मग येशू कोण, कोच का? अंकल दुखावले. "कोच भायर बसता वैनीनु. तो आत उतरलो."

रिंगला जाळी हवी होती तेव्हा ती विणायचं काम शेजारच्या दाजींकडे गेलं. दाजी जन्मभर रापणीवर, किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, गेलेले, त्यांच्यासारखी गाठ किनाऱ्यावर कुणाची नाही. त्यांनी चार दिवस खपून देखणी जाळी विणून आणली, रिंगला बांधली, आणि अंकलनी थाटात पहिला चेंडू टाकला. चेंडू आत गेला तो गेलाच. दाजींनी जाळी खालून घट्ट बंद केली होती. "ही खालती बंद कशाक केलास?" अंकल ओरडले. दाजींना प्रश्नच समजेना. "जाळ्याक खाली भोक ठेवूचा? मगे गावला ता ऱ्हवतला खंय?" आपल्या हाताने चांगली जाळी फाडायला दाजी तयार होईनात, तेव्हा अंकलनीच टेबलावर चढून कोयतीने तळ कापला. दाजींनी तोंड फिरवलं. खाली उतरून अंकलनी सगळ्या मुलींना तिथेच बसवलं आणि तासभर प्रवचन दिलं. देवाची कृपा वरून येते ती अडकवून ठेवायला नव्हे, खाली सोडायला. सोडली की खेळ सुरू राहतो, अडकवली की सगळे वर तोंड करून उभे. दाजी शेवटपर्यंत ऐकत होते. "ता सगळा बरा," ते उठताना म्हणाले, "पण ह्या जाळ्यान पोट भरूचा नाय."

अंकल घरात, बाजारात मालवणी बोलतात; तहसीलदारांशी आणि देवाशी मात्र शुद्ध मराठीत. संघाच्या पहिल्या सामन्याआधी त्यांनी मुलींना गोल उभं केलं, डोळे मिटले आणि सुरुवात केली, "हे स्वर्गीय पित्या, या मुलींना एकमेकींकडे बघायची बुद्धी दे." मुली सगळ्या हिंदू घरांतल्या. देवळात मानकरी गाऱ्हाणं घालतो तेव्हा प्रत्येक वाक्याला काय म्हणायचं हे त्यांना पाळण्यापासून माहीत. एकमुखाने आवाज आला, "व्हय म्हाराजा!" अंकलनी एक डोळा उघडला, पण प्रार्थना थांबवता येत नव्हती. "त्यांच्या मनातला गर्व दूर कर." "व्हय म्हाराजा!" "आणि समोरच्या संघातही कुणाला दुखापत होऊ देऊ नकोस." यावर मुली क्षणभर थांबल्या, एकमेकींकडे बघितलं, आणि जरा पडेल आवाजात म्हणाल्या, "व्हय म्हाराजा." त्या दोन शब्दांनी अंकल दोन दिवस अस्वस्थ होते. शेवटी त्यांनी फादरांना गाठून आमेनचा अर्थ विचारला. फादर म्हणाले, तसंच होवो. "मगे आमची चेडवा वेगळा काय म्हणतत?" असं म्हणत ते हसत घरी आले, आणि तेव्हापासून आमच्या संघाची प्रार्थना शुद्ध मराठीत सुरू होऊन मालवणीत संपते.

माझी केतकी पहिलं वर्षभर रडत घरी यायची, कारण तिला कुणी चेंडूच देत नसे. एकदा अंकलनी तिला पायरीवर बसवून विचारलं, "खेळतत कितीजणा?" पाच. "चेंडू किती?" एक. "मगे चौघींकडे नसताच मा? जी चेंडू नसताना नुसती उभी ऱ्हवता, ती बघूक इलेली. जी मोकळी जागा बघून धावता, ती खेळता." मग त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं की माणसाचं आयुष्यही बहुतेक सगळं चेंडू हातात नसतानाचंच असतं, आणि श्रद्धा म्हणजे तेवढा वेळ धावत राहणं. केतकीला श्रद्धेचं कितपत कळलं कोण जाणे, पण ती धावायला लागली. मला मात्र ते कळलं, आणि बदल्यांच्या यादीची वाट बघत बसणारा मी त्या दिवसापासून जरा बरा माणूस झालो.

पण हेच अंकल स्वतः चेंडू सोडायला तयार नव्हते, आणि त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय हे चित्र पुरं व्हायचं नाही. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्यांना बजावलं: धावायचं नाही, ओरडायचं नाही, शिट्टी फुंकायची नाही, छाती दमते. दाजींची नात तन्वी, जी याच मातीत खेळून मोठी झाली, कोल्हापूरला खेळाचं शिक्षण घेऊन परत आली होती. संघ तिच्याकडे सोपवायचा एवढंच बाकी होतं. अंकल रोज म्हणायचे, पुढच्या सामन्यानंतर. आंटी माझ्याकडे आल्या. "तुमी सांगा तेंका. माझा आयकनत नाय. खंय पडले तर मी एकटी काय करतलंय?" मी सांगून बघितलं. अंकलनी मला कोर्टाची मापं पुन्हा एकदा तपासायला लावली आणि विषय संपवला.

मग कुडाळला सामना होता. शेवटची दोन मिनिटं, आम्ही एका बास्केटने मागे, चेंडू आमच्याकडे. अंकल बाकावरून उठले, ओरडत रेषेच्या कडेने धावले आणि छातीवर हात ठेवून मटकन खाली बसले. पाचही मुली चेंडू टाकून त्यांच्याकडे धावल्या. समोरच्यांनी रिकाम्या मैदानात चेंडू उचलून आमच्या रिंगमध्ये टाकला. "माका काय बघतास? चेंडू खंय गेलो?" अंकल घामेजलेल्या तोंडाने विचारत होते. तिथल्या डॉक्टरांनी तपासून धोका नाही म्हणून सांगितलं, घरी जाऊन गप पडा म्हणाले, आणि आम्ही हरून गाडीत बसलो.

अर्ध्या वाटेवर पुढच्या सीटवरची तन्वी मागे वळली. "अंकल, जवळ माणूस उभो आसताना चेंडू किती वेळ धरूचो?"

"पाच सेकंद," अंकल सवयीने म्हणाले.

"तुमी दोन वर्सा धरलास."

गाडीतली सगळी मुलं-माणसं खिडकीबाहेर बघायला लागली. तन्वीचे डोळे भरले होते, पण तिने ते खाली घेतले नाहीत. चौके गाव आलं. मग अंकलनी गळ्यातला दोरा काढला. क्रूस आणि शिट्टी इतकी वर्षं एकत्र राहून त्यांची गाठ बसली होती, ती सुटेना. शेवटी केतकीने दातांनी सोडवली. क्रूस त्यांनी परत गळ्यात घातला. शिट्टी छातीशी धरली आणि मागच्या सीटवरून तीन डोक्यांवरून सरळ पुढे ढकलली. तन्वीने झेलली. कुणीतरी अगदी हळू म्हणालं, "व्हय म्हाराजा," आणि सगळी गाडी हसत हसत रडली.

सोडून दिलं खरं, पण नंतरचे पंधरा दिवस मला बघवत नव्हते. तन्वी मोबाइलवर चित्रण करून मुलींच्या चुका दाखवते, प्रवचन देत नाही, आणि संघ पहिल्यापेक्षा चांगला खेळतो, हे अंकलना दिसत होतं. ते मागच्या दारी येईनात. एके दिवशी बायको घरात येऊन खुर्चीत बसली आणि पदराने डोळे पुसायला लागली. मी घाबरून विचारलं, काय झालं? "अंकलनी आज नारळ हातात दिला," ती म्हणाली. मला फार वाईट वाटलं. वाटलं, तन्वी बरोबर होती, आंटी बरोबर होत्या, डॉक्टरही बरोबर होते, आणि तरी आम्ही सगळ्यांनी मिळून या माणसाचं काहीतरी काढून घेतलं.

परवा संध्याकाळी बायकोने केलेले फणसाचे पापड द्यायला मी त्यांच्याकडे गेलो. मागे प्रॅक्टिस चालली होती, चेंडूचा आवाज घरभर येत होता. आंटी जपमाळ घेऊन बसल्या होत्या आणि अंकल घरातल्या अल्ताराकडे, क्रूस-मेणबत्त्यांच्या देव्हाऱ्याकडे, तोंड करून खुर्चीत. मी पिशवी मनगटाला अडकवून दारातच हाताची घडी घालून उभा राहिलो. अंकलनी हात जोडले नव्हते. दोन्ही हात छातीसमोर उघडे, बोटं पसरलेली, कोपरं अंगाजवळ. मला वाटलं, वयाने विसरले असतील. आंटींची माळ संपल्यावर मी हळूच म्हणालो, "अंकल, हात जोडायचे ना?"

त्यांनी मान वळवली नाही. "जोडलेल्या हातात पास येता काय?" ते म्हणाले. "चेंडू आता माझ्याकडे नाय. तेच्याकडे आसा. कधी देतलो, खंयसून देतलो, माका म्हायत नाय. आपण हात उघडे ठेवूचे."

मी हाताची घडी सोडली, पापडांची पिशवी खाली ठेवली आणि खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसलो.