झाकणात फुटलेलं लोखंड

आमच्या जळगावच्या लॅबमध्ये चहा आणि डेटा, दोन्ही उशिरा येतात. मधल्या वेळात गप्पा, आणि गप्पांमध्ये बहुतेक किस्से चौधरी मॅडमचेच. मॅडम बोदवडकडच्या, केळी-कापसाच्या घरातल्या. अवकाशातून येणारी, पण जमिनीवर पोचण्याआधीच हवेत फुटून जाणारी जड अणुकेंद्रकं, विशेषतः लोखंडाची, उपग्रहावरच्या डिटेक्टरने मोजायची आणि ती कशी प्रवास करत आली ते शोधायचं, हे त्यांचं काम.

*

एकदा पाहणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, हे गच्चीवरच का नाही मोजत, खर्च तरी वाचला असता. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "मोजू की सर. फक्त आधी वातावरण काढावं लागेल."

*

भुसावळच्या शाळेत मॅडम सांगत होत्या, की पार्सलने काचेच्या बांगड्या मागवल्या आणि फुटक्या जास्त निघाल्या, तर वाटेत धक्के जास्त बसले. लोखंडाची केंद्रकंही दोन ताऱ्यांमधल्या पोकळीतल्या विरळ वायूवर आपटून फुटतात. तुकडे मोजले की प्रवास कळतो.

एक मुलगी उठली. "पण पेटीत आधीच फुटक्या भरल्या असतील तर?"

मॅडमनी तिला समजावलं, की यातले काही तुकडे ताऱ्यांच्या पोटात जवळजवळ बनतच नाहीत, ते वाटेतलेच. गाडीत बसल्यावर मात्र आम्हाला म्हणाल्या, "परदेशातल्या परिषदेत हाच प्रश्न सुचायला लोकांना जेवणाची सुट्टी उजाडावी लागली होती."

*

हा माझ्यावरच बेतलेला. माझ्या पीएच.डी.त लोखंडाचे तुकडे अपेक्षेपेक्षा खूपच जास्त निघाले. मोठा शोध! पेढे आले, पेपर तयार झाला. पाठवायच्या दिवशी मॅडमनी डिटेक्टरचा आराखडा मागितला आणि दुपारभर त्याच्यावर वाकून बसल्या. मग मला बोलावलं.

"अरे, हे लोखंड अंतराळात नाही फुटलं. आपल्याच डिटेक्टरच्या झाकणात फुटलंय."

ॲल्युमिनियमचं पातळ झाकण. त्याचा हिशेब कमी धरला गेला होता. शेजारच्या टेबलावरचा, धुळ्याचा हेमंत हळूच म्हणाला, "बठ्ठं गयं." सगळं गेलं. पेपरवर पहिलं नाव माझं असलं तरी इभ्रत मॅडमची होती. कोणाच्या लक्षात आलंही नसतं. पण मॅडमनी पेपर थांबवला, सगळ्या सहकाऱ्यांना स्वतः कळवलं आणि नवा हिशेब माझ्यासोबत बसून केला. शोध उरला नाही. आकडे मात्र खरे निघाले, आणि आज लोक तेच वापरतात.

*

गेल्या वर्षी तो डिटेक्टर कायमचा बंद झाला. शेवटचा डेटा उघडला तेव्हा आम्ही सगळे मॅडमच्या मागे उभे होतो. अगदी शेवटची नोंद लोखंडाची.

मॅडमनी गावी वडिलांना फोन लावला. आबा शेतात होते. मॅडम म्हणाल्या, "आबा, आपलं मशीन आज बंद झालं. शेवटी आलं ते लोखंडच होतं."

आबांनी विचारलं, "सुखरूप पोचलं ना?"

"हो आबा. अख्खं."

"मंग रडते कायले?"