पट्टीत खोवलेली सुई

आमच्या रत्नागिरीच्या कॉलेजात कॉम्प्युटरच्या एमएस्सीला शेवटच्या वर्षी प्रकल्प म्हणून बहुतेकजण अ‍ॅप करतात. मला एक गणिती सिद्धता करायची होती. सरांनी अट घातली: सेमिनारमध्ये वीस मिनिटांत ती फळ्यावर पूर्ण करायची, नाहीतर मीही अ‍ॅपच करायचं. माझी सिद्धता सात पानांची होती, आणि वर्गात मी क्वचितच तोंड उघडत असे.

सिद्धता एका यंत्राबद्दल होती, आणि ते यंत्रही कागदावरचंच. चौकोनी घरांची लांब पट्टी, प्रत्येक घरात एक अक्षर. यंत्र एका वेळी एकच घर वाचतं, स्वतःच्या त्या वेळच्या अवस्थेप्रमाणे तिथलं अक्षर बदलतं, नवी अवस्था घेतं आणि एक घर डावीकडे किंवा उजवीकडे सरकतं. हे सगळं काम यंत्राशिवाय, नुसते अक्षरं बदलण्याचे नियम लावूनही होतं, एवढंच मला सिद्ध करायचं होतं. मी पट्टी, अवस्था आणि वाचायच्या घराचा क्रमांक अशा तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहीत होते. दर पायरीला क्रमांक पट्टीशी जुळवण्यातच पानं भरत होती.

सेमिनारच्या आधीच्या रविवारी जयगडला मावशीकडे गेले. काका अंगणात मासेमारीचं फाटलेलं जाळं सांधत बसले होते. चहाला उठताना त्यांनी सुई जाळ्यातच खोवून ठेवली. कुठवर आलात ते लक्षात कसं राहतं, असं मी विचारलं.

“मी कशाला लक्षात ठेवू? सुई हाय ना तिथं,” ते म्हणाले. “एवढं पण नाय शिकवलं तुमच्या इंग्लिश शाळेत?”

मी घरी येऊन क्रमांक काढून टाकला. अवस्थेला एक अक्षर दिलं आणि ते पट्टीतच, वाचायच्या घराच्या अलीकडे लिहिलं. आता एका पायरीत फार तर शेजारशेजारची तीन अक्षरं बदलत होती. बाकी पट्टीला हात लावायचं कारणच उरलं नाही. सिद्धता दीड पानात बसली.

सेमिनारमध्ये सरांनी मध्येच थांबवलं. “तू यंत्रच बदललंस.”

“नाही सर. यंत्र तेच आहे. ते कुठे उभं आहे, हे मी पट्टीतच लिहिलंय.”

ते उठले, खडू घेतला आणि अवस्था पट्टीच्या शेवटच्या अक्षराच्या पलीकडे नेऊन ठेवली. पुढे वाचायला काही नाही, आता काय, असं त्यांनी विचारलं. ही जागा माझ्याकडून खरंच सुटली होती. मी पट्टीच्या टोकाला एक खूण केली आणि खाली नियम लिहिला: अवस्था खुणेला टेकली, की मध्ये एक रिकामं घर घालायचं.

“एक नियम वाढला, सर. बाकीचे तसेच राहतात.”

सर टेबलापाशी परतले. मग टेबलावरच्या यादीत माझ्या रोल नंबरपुढे आधीच लिहून ठेवलेला ‘अ‍ॅप’ त्यांनी खोडला. माझी सहा मिनिटं अजून शिल्लक होती.