घरात कुठे युनियन असते?

"युनियन? तू काय तुआसच्या गोदीत जहाजं रंगवतेस का गं?" सर हसले आणि त्यांनी ताट पुढे केलं. "आजी, अळूवडी झकास. अजून दोन."

सर म्हणजे माझ्या नातीचे प्रोफेसर. आपलेच, पुण्याचे. रविवारी इथे परदेशात, पासिर रिसच्या आमच्या फ्लॅटवर जेवायला बोलावलेले. नात त्यांच्याकडे पीएचडी करते. म्हणजे त्यांचे वर्ग घेते, पेपर तपासते, लॅब सांभाळते. सुट्टी मागायची तर चोरासारखी मान खाली. तिने एवढंच विचारलं होतं, आम्हा रिसर्चवाल्यांना युनियन करता येईल का.

"तुम्हाला पगार नाही, स्कॉलरशिप असते. कायद्याने तुम्ही विद्यार्थी. कामगार नाही." मग मायेने म्हणाले, "आणि लॅब म्हणजे आपलं घर. घरात कुठे युनियन असते?"

माझा हात थांबला.

हे घर मी पाहिलं होतं. पुण्यात मीही पीएचडी करत होते. गाइडच्या मुलीचं लग्न निघालं, रुखवत मी केलं. साखरेचं तुळशीवृंदावन, कळसासकट. कुणीतरी विचारलं, ही कोण? गाइडच्या पत्नी म्हणाल्या, "आमच्या घरचीच." काय फुलले मी! बावळट. पुढे माझ्या प्रयोगांवर गाइडांचा लेख छापून आला. माझं नाव कुठाय विचारलं, तर म्हणाले, "घरच्यांनी नाव मागायचं नसतं." यावर मी काय केलं? माफी मागितली. माफी! प्रबंध अर्धाच राहिला. वृंदावन तेवढं पूर्ण झालं.

सरांचं ताट अजून पुढेच. नात कुजबुजली, "आजी, माझ्या स्कॉलरशिपचं एक्स्टेन्शन त्यांच्या सहीवर आहे. डोन्ट लाह, नको ना."

मी वड्या टेबलावर ठेवल्या. खुर्ची ओढली. सरांच्या समोर बसले आणि आधी स्वतःला वाढून घेतलं.

"घ्या हाताने," म्हटलं. "घरचेच आहात."

सर हसले नाहीत. वडीही घेतली नाही.

बदललं काय? काही नाही. कायदा तोच, सही त्यांचीच. सोमवारी नात माझ्याशी न बोलता त्यांचा वर्ग घ्यायला गेली. संध्याकाळी बूट काढता काढता म्हणाली, "लॅबमधल्या तिघी-चौघी युनियनचं विचारतायत. रविवारी आपल्याकडे बसू का?"

सही अडली तर मी म्हातारी काय करणार? काही नाही.

बसा म्हटलं. अळूवड्या करणार नाही. त्या पोरी पाहुण्या नाहीत, कुणाच्या घरच्याही नाहीत. कामगार आहेत. कायदा म्हणो न म्हणो, मी म्हणणार. सरांच्या तोंडावर.