वहीतल्या रेघा

मी चौथीत शाळा सोडली. त्यामुळं लिहायला वेळ लागतो, आणि कुठं काना-मात्रा चुकला तर चुकू दे. पण खोटं लिहिणार नाही. शाहूपुरीतल्या त्या दिवसानं मला जो धक्का दिला, त्यातनं मी अजून उठलेलो नाही.

जन्मभर मी गुळव्या होतो. गुऱ्हाळावर काहिलीत उसाचा रस उकळत असतो, तो नेमका कधी उतरवायचा ते ठरवणारा माणूस म्हणजे गुळव्या. जरा लवकर उतरवला तर गूळ धरत नाही, जरा उशीर झाला तर करपतो. मालक, जाळ घालणारा, मजूर, सगळे माझ्या तोंडाकडं बघत उभे राहायचे. मी कधी कुणाच्या तोंडाकडं बघितलं नाही. ही घमेंड म्हणा, मला चालतंय.

माझ्या बायकोचे दोन्ही गुडघे गेलेत. ऑपरेशन मिरजेला करायचं ठरलं, कारण लेक तिथं दिलीय आणि पुढं दीड महिना तीच आईला सांभाळणार. आम्ही राहतो वरच्या मजल्यावर, बाहेरनं लोखंडी जिना, तिथं असली बाई कशी ठेवायची? मीही मिरजेला जावं असं सगळ्यांचं म्हणणं. पण आमच्यात बाप लेकीच्या घरी मुक्काम करत नाही. माझ्या बापानं माझ्या बहिणीच्या दारात पाणीसुद्धा घेतलं नाही. मी चहापर्यंत खाली आलोय. मुक्काम होणार नाही, हे मी सांगून टाकलं होतं.

तीनदा तारीख ठरली. तीनदा आदल्या दिवशी माझ्या छातीत दुखायला लागलं. ढोंग नव्हतं ते. घाम फुटायचा, डावा हात जड व्हायचा. लेक तिकडनं पळत यायची आणि ऑपरेशन राहायचं. दर वेळी छातीची पट्टी काढली, रक्त तपासलं, तिसऱ्यांदा तर हातातनं नळी घालून बघितली. हृदयाचा डॉक्टर म्हणाला, "पावणं, इंजीन नव्यासारखं हाय." आणि मानसशास्त्रज्ञ बाईंच्या नावानं एक चिठ्ठी लिहून दिली.

मी भडकलो. "मला येडा ठरवताय व्हय?"

"येडा कशाला? छाती चांगली हाय आणि दुखतंय हेबी खरं हाय. मग दुखतंय कुठनं ते बघाय नको?"

बायको घरी आल्यावर एवढंच बोलली, "चौथी तारीख घेतलीया. ही मोडली तर पुन्हा न्हाय घ्यायची. बसते मग अशीच, जिन्याच्या वर." तिनं धमकी दिली असती तर मी भांडलो असतो. ती दमलेली होती.

बाई माझ्या नातीएवढी निघाली. शाहूपुरीत खाली झेरॉक्सचं दुकान, वर तिची खोली. मला वाटलं होतं औषधाचा वास येईल, तर उदबत्तीचा येत होता. बायकोला बाहेर बसवूया, असं ती म्हणाली.

"ती भाईर कशाला?" मी म्हटलं. "माझी सगळी उत्तरं तिला ठावं हायत."

बाईनं मान डोलावली. "बरं, बसू दे. पण आजी, तुम्ही मधे बोलायचं नाही हं."

"पन्नास वर्सं न्हाय बोलले," बायको म्हणाली, "एक तास काय!"

मग बाई एकेक प्रश्न वाचायला लागली. मी हो का नाही ते सांगायचं.

"मोठा निर्णय दुसऱ्याला विचारल्याशिवाय घेणं तुम्हाला जड जातं?"

"न्हाय."

"एकटं राहायची वेळ आली तर जीव घाबरा होतो?"

"न्हाय. मला कशाचं भ्या?"

"स्वतःची रोजची कामं कुणीतरी करावीत असं वाटतं?"

बायकोला खोकला आला.

"न्हाय," मी जरा मोठ्यानं सांगितलं.

मधनं मधनं बाई वहीच्या कडेला एक बारीक रेघ मारत होती. ती बघून मला जोर आला. गुऱ्हाळावर एक काहील नीट उतरली की भिंतीवर कोळशाची एक रेघ मारायची आमची पद्धत. संध्याकाळी भिंत भरली की गुळव्या मिशीवरनं हात फिरवायला मोकळा. इथंही तसंच असणार, बरोबर उत्तराला एक रेघ, असं मी धरून चाललो. रेघ पडली की मी आणखी ताठ बसायचो.

नंतर तिनं शाईचे डाग दाखवले. यात काय दिसतं ते सांगा म्हणाली. एका डागात मला वासरू गाईला लुचताना दिसलं. एकात चोच वासलेलं पिल्लू. एकात दोघी जणी एकाच पातेल्यातनं वाढताना. "समदं खायाचंच दिसतंय की," मी हसलो. "भूक लागली असंल." तिनं तेसुद्धा शब्द न् शब्द उतरवून घेतलं.

सगळं आटोपल्यावर मी विचारलं, "मग, पास का न्हाय? लई रेघा पडल्यात."

"कसल्या रेघा?"

मी बोट दाखवलं. तिनं क्षणभर वहीकडं बघितलं आणि ती माझ्यापुढं फिरवली. पाच-पाचाचे गठ्ठे करून कड भरली होती.

"आजोबा, या उत्तरांच्या नाहीत," ती हळू म्हणाली. "उत्तर द्यायच्या आधी तुम्ही आजींकडं बघितलंत, की मी एक रेघ मारत होते."

मी पहिली रेघ शोधली. ती कुठल्या प्रश्नाची होती ते विचारलं.

"मी तुमचं नाव विचारलं, तेव्हाची."

स्वतःचं नाव सांगायला मी बायकोकडं बघितलं होतं. "हे खोटं हाय," मी ओरडलो, आणि ओरडता ओरडता माझी मान तिच्याकडं वळली. मला ती वळलेली कळली, थांबवता आली नाही. बाईच्या हातात पेन तसाच होता. तिनं रेघ मारली नाही. माझी कीव आली असणार.

ती समजावत होती. "तोंडानं तुम्ही सांगता, मला कुणी लागत नाही. डाग आणि रेघा दुसरं सांगतात. तुम्ही खोटं बोललात असं मी म्हणत नाही. तुम्हाला ते दिसत नव्हतं. आजी निघाल्या की छाती बोलते, कारण तुम्ही बोलत नाही. पण एका दिवसात मी निकाल लावणार नाही. पुन्हा या."

रिक्षात मी बायकोला म्हटलं, "तू तरी सांग. मी कवा कुणावर अवलंबून हुतो?"

ती गुडघा चोळत बसली होती. "निपाणीच्या पल्याडचं गुऱ्हाळ आठवतंय? चार महिनं मुक्कामाला बोलवत हुते, डबल मजुरी देऊन."

"तिकडचा ऊस खारा. गूळ बसला नसता. म्हणून तर गेलो न्हाय."

"तुमी तिकडचा ऊस कवा खाल्ला?"

कधीच खाल्ला नव्हता. त्या खाऱ्या उसाची गोष्ट मी लग्नात, बारशात, पारावर, किती जणांना ऐकवली असेल. सांगून सांगून मलाच तिची चव लागली होती.

"तुला ठावं हुतं? मग बोलली का न्हाईस?"

"काय बोलू? तुमी गेला न्हाईसा ते मलाबी बरंच वाटलं तवा," ती म्हणाली. "तवा गुडघं चांगलं हुतं."

त्यानंतर दोनदा बाईकडं गेलो, दोन्ही वेळा बायको बाहेर बसली. बाईनं एकच गोष्ट घोकून घेतली. दुखलं तर दुखतंय म्हणायचं, दाबायचं नाही. आणि म्हणून झालं की तिथंच थांबायचं.

चौथ्या तारखेच्या आदल्या दिवशी सकाळी जावई गाडी घेऊन आला. बायको जिना उतरायला लागली, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. ती शेवटच्या पायरीवर पोचली आणि माझ्या छातीत ठरल्यासारखी कळ आली. घाम फुटला. तिनं मागं न बघताच ओळखलं. पिशवी खाली ठेवली आणि कठड्याला धरून वळली.

"दुखतंय?"

मी वर उभा होतो. मी काही न बोलता नुसता खाली बसलो असतो, तरी ती सगळा जिना परत चढून आली असती, त्या गुडघ्यांनी.

"दुखतंय," मी म्हटलं. "तू जा."

ती जरा वेळ माझ्या तोंडाकडं बघत राहिली, गुऱ्हाळावर लोक बघायचे तशी. मग तिनं पिशवी उचलली.

दुपारपर्यंत दुखलं. मग भूक लागली.