चौदा जणांत दोघं

कल्याण स्टेशनावर गोरखपूरच्या गाडीची वाट पाहत आम्ही चौदा जण उभे होतो. ठरलं होतं ते दोघांचं, माझं आणि माझ्या बायकोचं, सुगंधाचं. बावीस वर्षांच्या संसारात आम्ही दोघं पहिल्यांदाच कुठेतरी निघणार होतो, तेही थेट परदेशात, नेपाळला. आणि आता सुगंधाभोवती सहा बायका, माझ्याभोवती सहा पुरुष आणि मध्ये सामानाचे एकतीस डाग. एका डागातून सुकटीचा वास येत होता आणि शेजारच्या पेटीवर बसलेले गृहस्थ नाकाला रुमाल लावून आमच्याकडे पाहत होते.

हे सगळं माझ्या एका वाक्यामुळे झालं. भिवंडीजवळच्या आमच्या वळ गावात रीत अशी की लांबच्या प्रवासाला निघायचं तर भावकीत आधी सांगायचं. न सांगता गेलं तर 'एवढे मोठे झाले का' हे वर्षभर ऐकावं लागतं. म्हणून तिकिटं काढायच्या आदल्या दिवशी मी काशिनाथदादाकडे गेलो. दादा माझा थोरला चुलतभाऊ, भावकीत शेवटचा शब्द त्याचा. तो ओटीवर झोपाळ्यावर बसला होता.

"नेपालला? बरा हाय," तो म्हणाला. "कोन कोन चाललाव?"

सरळ प्रश्न होता आणि उत्तरही सरळ होतं. पण सेहेचाळीस वर्षांच्या माणसाने थोरल्या भावासमोर 'मी आणि बायको' असं कसं म्हणायचं? आमच्याकडे माणूस बायकोला दवाखान्यात नेतो, माहेरी सोडतो, लग्नाला नेतो. तिला घेऊन नुसता फिरायला जात नाही. माझे कान तापले.

"जमवतोय अजून," मी म्हणालो.

संध्याकाळपर्यंत दादाने जमवून टाकलं. विमानाचा बेत रद्द झाला, रेल्वे आली. रात्री जेवायला बसल्यावर मी सुगंधाला सांगितलं. ती भाकरी वाढत होती. तिने दुसरी भाकरी वाढली, आमटी वाढली आणि विचारलं, "तांदूल किती घ्यावं लागतील?" तिने भांडण केलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

खरं तर हा सगळा बेत तिचा होता. आमच्या भाताच्या शेताचं गोडाऊन झालं त्याला चार वर्षं झाली होती. गेटवर टेकबहादूर नावाचा वॉचमन होता, पन्नाशीचा, पोखऱ्याकडचा. संध्याकाळी ट्रक निघून गेले की मी तिथे खुर्ची टाकून बसायचो आणि सुगंधा चहाचा थर्मास घेऊन यायची. लेकीचं लग्न उरकल्यावर घरात तिला करमत नव्हतं. एकदा टेकबहादूर त्याच्या गावातल्या बर्फाच्या डोंगराबद्दल बोलत होता, ती ऐकत राहिली आणि घरी परतताना मला म्हणाली, "आपुन जाव का तिकडं? दोगंच. देवाला न्हाय जायचं. नुसता बगायला जायचा."

आमचे आजवरचे सगळे प्रवास देवाचे होते. एकवीरेला सगळी भावकी, जेजुरीला सगळी भावकी. नुसतं बघायला जायचं हे मला नवीन होतं, पण तिच्या तोंडून ऐकताना बरं वाटलं.

पुढचे तीन आठवडे गोडाऊनच्या गेटवर आमचा नेपाळ चालला. लेकीची अर्धी कोरी वही घेऊन ती लिहायची आणि टेकबहादूर सांगायचा. काठमांडू दोन दिवस. भक्तपूर एक दिवस, तिथे जुजु धौ (मातीच्या भांड्यात लावलेलं गोड दही) खायचं. पोखऱ्याच्या बसमध्ये उजव्या हाताला बसायचं, डोंगर त्या बाजूला दिसतात. शेवटच्या पानावर पोखऱ्याचा फेवा तलाव होता आणि त्यात दिसणारा माछापुच्छ्रे डोंगर. "शेठ, सुबह जल्दी जाना," तो म्हणायचा. "हवा उठने से पहले. पूरा माछापुच्छ्रे पानी में उल्टा दिखता है. हवा आयी तो गया."

सुगंधाने त्या पानावर लिहिलं होतं: सकाळी होडी. दोघं. मी वल्हवणार.

ती खाडीकाठच्या गावातली. तिच्या वडिलांची होडी होती आणि लग्नाआधी ती स्वतः होडी पलीकडे नेऊन आणायची. वळला आल्यापासून ती होडीत बसली नव्हती. हे बावीस वर्षांत माझ्या एकदाही लक्षात आलं नव्हतं, त्या पानावर वाचलं तेव्हा कळलं.

गोरखपूरची गाडी घरी निघालेल्या लूम कामगारांनी भरलेली होती. बायका एका कप्प्यात, पुरुष पलीकडच्या. दोन दिवस पत्ते, शेंगदाणे आणि जागेचे भाव यांत गेले. सुनौलीला हद्दीची कमान पायी ओलांडली. इकडे धूळ, ट्रकांची रांग, पंक्चरची दुकानं, तिकडेही तेच.

"हाच का परदेश?" दादा कमरेवर हात ठेवून म्हणाला. "ह्याच्यापेक्षा आपला वडप्याचा नाका मोठा हाय."

सगळे हसले. मी सुगंधाकडे पाहिलं. कमानीखालून जाताना ती क्षणभर थांबली होती आणि चपलेतला खडा काढल्यासारखं करून तिने तिथल्या मातीला हात लावला. मी तिच्याजवळ जाणार, तेवढ्यात दादाने बसच्या चौकशीला मलाच पिटाळलं.

काठमांडूत हॉटेलच्या चार खोल्या घेतल्या. दादाने जिन्यातच वाटणी केली, "बायका ह्या दोन खोल्यांत, पुरुष त्या दोन खोल्यांत." एकवीरेच्या धर्मशाळेत करतो तशी. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. परदेशातली पहिली रात्र मी दोन चुलतभावांच्या मध्ये, एकाचं घोरणं उजव्या कानाने आणि दुसऱ्याचं डाव्या कानाने ऐकत काढली. सकाळी सुगंधा बोळात भेटली, हातात तांदळाचं पातेलं.

"गोळी घेतली का प्रेशरची?" तिने विचारलं.

"घेतली."

"बरा." आणि ती गेली. त्या अख्ख्या प्रवासात आमचं बहुतेक बोलणं असंच झालं.

बायकांनी घरून स्टोव्ह आणला होता. खोलीत भात शिजला, सुकट भाजली गेली आणि मॅनेजर वर धावत आला. त्याला वाटलं काहीतरी जळालं. वहिनींनी, म्हणजे दादाच्या बायकोने, त्याला दारातच ताटली दिली. तो बिचारा दोन घास खाऊन, डोळ्यांत पाणी आणून, "मिठो छ" (चविष्ट आहे) म्हणत खाली गेला. आम्ही पोट धरून हसलो. पण मला आठवत होतं की वहीच्या पहिल्या पानावर सुगंधाने लिहिलं होतं, 'स्वयंपाक नाही'.

भक्तपूर मात्र पाहावं असं गाव आहे. विटांचे रस्ते, विटांची घरं आणि लाकडी खिडक्यांवर एवढं बारीक कोरीवकाम की त्या खिडक्या उघडायला जीव होऊ नये. कुंभारांच्या चौकात शेकडो मडकी उन्हात वाळत घातलेली. शेजारीच बायका भात वाळवत होत्या आणि तो वास मला आमच्या खळ्याचा वाटला, जिथे आता गोडाऊन आहे. पाच मजली न्यातपोल देवळाच्या पायऱ्यांवर जोडपी बसली होती, काही गोरी, काही तिथलीच. कोणी काही करत नव्हतं. नुसती बसून बघत होती. सुगंधाच्या 'नुसतं बघायला'चा अर्थ मला तिथे समजला आणि मला फार एकटं वाटलं.

मी एका म्हाताऱ्या दहीवालीकडून जुजु धौचं एक मडकं आणि दोन चमचे घेतले.

"श्रीमती खोइ?" तिने हसून विचारलं (बायको कुठे आहे?).

मी लांब हात केला. तिकडे सात लुगडी-साड्यांचा घोळका पितळी समया बघत होता. म्हातारीने मडक्यावर पानाचा तुकडा झाकून दिला, ऊन लागू नये म्हणून. मी चौक ओलांडून निघालो. वाटेत दादा, दोन भाऊ आणि एक मेहुणा पायऱ्यांवर बसले होते. "काय आनलास? दही?" दादाने चमचा घेतला. सुगंधापर्यंत पोचलं ते रिकामं मडकं. तिने ते धुऊन पिशवीत ठेवलं.

तिथेच आमचा सगळ्यांचा फोटो काढून घेतला, एका परदेशी पाहुण्याकडून. पुरुष एका अंगाला, बायका दुसऱ्या अंगाला.

पोखऱ्याच्या बसमध्ये मी डावीकडे मागच्या बाकावर होतो, सुगंधा उजवीकडे पुढे. खाली त्रिशूली नदी हिरवी-पांढरी होऊन धावत होती. दुपारनंतर ढगांच्या वर एकदम बर्फ दिसलं. आधी वाटलं ढगच आहे, पण ते जागचं हलेना. बसमधले पत्तेसुद्धा थांबले. मला सात बाकं पुढे तिचा अंबाडा दिसत होता. ती मागे वळेल असं वाटत होतं. ती खिडकीकडेच पाहत राहिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे सगळ्यांना तिनेच उठवलं. तलावाकाठी पोचलो तेव्हा उजाडत होतं, पाण्यावर सुरकुती नव्हती आणि रंगीत डुंगा (होड्या) काठाला बांधलेल्या होत्या. समोर झाडीचा डोंगर होता आणि त्याच्या मागे माछापुच्छ्रेचं टोक तांबूस होत होतं. नाववाल्याने सांगितलं, काठावरून पाण्यातला डोंगर दिसणार नाही, मधोमध जावं लागेल.

दादाने वाटणी सुरू केली. "पुरुष ह्या दोन होड्यांत, बायका त्या दोन."

सुगंधा पुढे झाली. पदर खोचला आणि एका लहान होडीचा दोर हातात घेऊन सगळ्यांदेखत मला म्हणाली, "तुमी इकडं बसा. मी वल्हवते."

बावीस वर्षांत तिने चारचौघांत माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. मी एक पाऊल टाकलंही होतं.

"घ्या," दादा म्हणाला. "आता बायको वल्हवनार न् आमचा शेट बसनार."

सगळे हसले. आणि मीही हसलो. हे लिहायला मला आजही जड जातं. मी नुसता गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं. पण मी हसलो, आणि हसत हसत पुरुषांच्या होडीत जाऊन बसलो.

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, दोर सोडला, वहिनींना आणि आणखी एकीला होडीत घेतलं आणि वल्हं पाण्यात घातलं. तिचे हात काहीच विसरले नव्हते. पाणी न उडवता, आवाज न करता तिची होडी सरळ निघाली. काठावरचा नाववालासुद्धा बघत राहिला. आमच्या होडीत मात्र कोणी कुठे बसायचं यावर वाद झाला, मग एकाची चप्पल पाण्यात पडली, ती काढण्यात वेळ गेला. आम्ही निघालो तेव्हा ती मधोमध पोचली होती.

लांबून मला दिसलं की तिने वल्हं वर उचलून मांडीवर आडवं ठेवलं. तिघी बायका एकदम वाकून पाण्यात पाहत होत्या. मी आमच्या नाववाल्याला म्हणालो, "भाई, जल्दी." पण गालाला गार वारा लागला. आम्ही मध्यावर पोचलो तेव्हा पाण्यावर बारीक लाटा होत्या आणि त्यांत नुसता चकचकाट. डोंगर वर होता, पाण्यात नव्हता. दादा म्हणाला, "वर दिसतोय ना, मंग खाली कशाला पायजे?" आणि त्याने दापोड्याच्या एका जमिनीचा विषय काढला.

गावी परतल्यावर टेकबहादूर गेटवर वाटच बघत होता. "शेठ, दिखा क्या पानी में?"

"भाभी ने देखा," मी म्हणालो. सुगंधाने त्याला भक्तपूरचं मडकं दिलं. तो ते दोन्ही हातांत धरून कितीतरी वेळ उभा होता.

महिन्याने मी फोटोचे रोल धुवून घ्यायला भिवंडीत स्टुडिओत गेलो, सुगंधालाही मुद्दाम बरोबर नेलं. दोन रोलांत आम्ही दोघं एकत्र असलेला एकच फोटो निघाला, भक्तपूरचा. मी डाव्या टोकाला, ती उजव्या टोकाला, मध्ये बारा माणसं. मी बराच वेळ तो हातात धरून बसलो, तेव्हा स्टुडिओवाले चाचा म्हणाले, "सेठ, बीच के लोग निकाल देता हूँ. पीछे पहाड़-वहाड़ डाल दूँगा. कोई नहीं पहचानेगा."

थोड्या वेळाने कॉम्प्युटरवर आम्ही दोघं खांद्याला खांदा लावून उभे होतो. मागे निळा तलाव, त्यात उलटा डोंगर. मला खरोखर आनंद झाला. वाटलं, चला, काहीतरी तरी दुरुस्त झालं.

सुगंधा पडद्याजवळ गेली, चष्मा लावला आणि नीट पाहिलं.

"चांगला झालाय," ती म्हणाली. मग चष्मा काढून डबीत ठेवला. "पन मी तिथं होते. तुमी नव्हता."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना पहिलाच फोटो मोठा करायला सांगितला, चौदाही जणांचा. तो आमच्या हॉलमध्ये लावला आहे. आलेगेले विचारतात की यात तुमच्या बाई कुठल्या, आणि दर वेळी मला उठून फोटोच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाऊन दाखवावं लागतं.