अठरा मिनिटांची प्रार्थना

माझी बहीण अर्लिन हिच्या घरी जेवणाआधीच्या प्रार्थनेत फोन चालू ठेवायचा नाही. सगळ्यांचे फोन बंद करून पावाच्या टोपलीत. पाद्रीसाहेबांनाही तिने यातून सोडलं नाही, तिथे तिच्या लेकाची काय कथा!

लेक म्हणजे कॉर्डेल, माझा भाचा. मिसिसिपीतल्या आमच्या गावातून विद्यापीठाच्या फुटबॉल संघात गेलेला पहिला पोरगा. त्या वर्षी ड्राफ्टमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, त्याच्यासकट त्याच्या संघातल्या सहाजणांना व्यावसायिक संघ उचलणार, असं सगळे म्हणत होते. गुरुवारी दोन नावं पुकारली, शुक्रवारी दोन, शनिवारी दुपारी पाचवं. अंगणात कॅटफिश मासे तळत होते, शेजारीपाजारी टीव्हीपुढे दाटीवाटीने बसले होते, आणि कॉर्डेलच्या मांडीवर फोन. मध्येच तो वाजला. सगळे ताडकन उभे राहिले.

"बर्फाच्या पिशव्या किती आणू रे?" त्याची मावशी विचारत होती.

"मावशी, ठेव गं फोन!"

सातवी, शेवटची फेरी संपली. शेवटचं नाव भलत्याच कुणाचं होतं. कुणी कुणाकडे बघेना.

"चला, जेवून घ्या. मासे गार होतायत," अर्लिन म्हणाली. तिने त्याच्या हातातला फोन काढून घेतला आणि बंद केला.

"आई, राहू दे ना जरा."

"आता कोण फोन करणारे तुला? दुखवट्याचे फोन मला नकोत. दादा, तू कर प्रार्थना. आणि आज आवर जरा."

मी कसला आवरतोय! मी 'हे प्रभो' म्हटलं की बायका ताटं झाकायला घेतात, अशी माझी ख्याती. त्या दिवशी तर जीव तुटत होता. कापूस वेचणाऱ्या आजोबांपासून सगळं देवाला सांगितलं. "या पोरासाठी एक दार उघड," असं रडत रडत किती वेळा म्हणालो. पुरती अठरा मिनिटं.

'आमेन' म्हणतोय तोच त्याच्या शाळेतले कोच होल्ट धावत आत आले.

"फोन कुठाय तुझा? तुझा एजंट मला फोन करकरून रडकुंडीला आलाय! ड्राफ्ट संपला की संघ उरलेल्या पोरांना लगेच फोन करतात. दोन संघ मागत होते तुला. तुझा फोन लागेना, म्हणून त्यांनी दुसरे घेतले. फोन सोडू नकोस, असं बजावलं होतं ना त्याने?"

कॉर्डेलने टोपलीतून फोन काढून चालू केला. मोठ्यांच्या प्रार्थनेतून उठायचं नाही, हे आम्हीच त्याला शिकवलं होतं.

पुढे कुणाचाच फोन आला नाही. नऊ वर्षं झाली, तो माशांच्या कारखान्यात मासे सोलतोय. मला एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

अजूनही रविवारी तो स्वतःच फोन बंद करून टोपलीत ठेवतो आणि म्हणतो, "मामा, करा प्रार्थना."

मी अन्नाबद्दल देवाचे आभार मानतो आणि 'आमेन' म्हणतो. दार मागायची मला भीती वाटते.