काळ्याशेजारचं केशरी

शमिका मारतहळ्ळीच्या एका कंपनीत ग्राफिक डिझायनर होती. मोबाइलच्या पडद्यावरची इवली चित्रं, बटणं, फिकट रंगांच्या पट्ट्या. कुणाच्या डोळ्यांना खुपणार नाही असं काहीतरी करता करता पस्तिशी उलटली. मग कंपनीने तो विभागच बंद केला आणि ती जे. पी. नगरला आईबाबांच्या घरी दिवसभर असू लागली.

वरच्या रिकाम्या खोलीत तिने मोठे कॅनव्हास आणून ठेवले. चिकटपट्टी लावून आकार आखायचे, आत भडक रंग भरायचे, पट्टी ओढली की धारदार कड. हाताला ते फार आवडलं. पण हळूहळू तिच्या लक्षात आलं, की सुरुवात त्रिकोणांनी करा नाहीतर पट्ट्यांनी, शेवटी कॅनव्हासवर तेच उमटतं: मोठा काळा चौकोन आणि त्याच्या काठाला टेकलेलं केशरी वर्तुळ. एकदा तिने ठरवून चौकोन पिवळा केला. दुसऱ्या दिवशी तिनेच त्यावर काळा फासला, तेव्हा कुठे जीव थाऱ्यावर आला. तो काळा वाळल्यावरही तिला ओला वाटायचा. त्याला हात लावायला ती धजत नसे.

तिची आई, प्रेमाताई, गुडघ्यांमुळे जिना टाळत. एका दुपारी मात्र चहा घेऊन वर आल्या. भिंतीला टेकलेली चित्रं बघत बराच वेळ उभ्या राहिल्या.

“चेंडू इतका मोठा नव्हता,” त्या म्हणाल्या.

“कुठला चेंडू?”

आपल्याला आशय नावाचा धाकटा भाऊ होता आणि तो तापाने गेला, एवढंच शमिकाला माहीत होतं. ताप खोटा होता, हे आई आता सांगू लागली. तेव्हा ते बनशंकरीत भाड्याने राहत. टँकरचं पाणी भरून झालं आणि अंगणातल्या जमिनीखालच्या टाकीचं झाकण उघडंच राहिलं. मुलं बाहेर खेळत होती. घरमालकीण शकुंतलाबाई वाळलेले कपडे काढायला आल्या, तेव्हा जेमतेम चार वर्षांची शमिका टाकीच्या तोंडाशी उभी होती. रडत नव्हती, हाकही मारत नव्हती. केशरी चेंडू काठाशी पडला होता. आशय आत होता.

शमिका फरशीवर बसली. “मी काहीच सांगितलं नाही?”

“कितीतरी दिवस तू बोललीच नाहीस. मग बोलायला लागलीस ती नेहमीसारखी. आम्हाला वाटलं, विसरली पोर.”

“चेंडू तिकडे कुणी टाकला होता, आई?”

“ते तुला कधी विचारलं नाही. बाबांनी कुणाला विचारू दिलं नाही.”

त्यानंतर तिने ब्रश बाजूला ठेवले. पण चार भिंतींत नुसतं बसवेना. थोड्याच दिवसांत तिने पुन्हा रंग काढले. प्रेमाताईंनी तिच्या चित्रांतलं एक आपल्या खोलीसाठी मागून घेतलं. आशयचा एकही फोटो त्या घरात कधी लागला नव्हता. शमिकाचे बाबा, चंद्रकांत, निवृत्त इंजिनिअर. त्यांनी भिंतीला भोक पाडलं, चित्र टांगलं, आणि त्या दिवसापासून आपली गादी बाहेरच्या खोलीत घातली.

शमिकाला भावाचा चेहरा आठवत नाही. केशरी भरताना कधीकधी तळहाताला रबराचा गुळगुळीत, किंचित दबणारा स्पर्श होतो. हातून काहीतरी नुकतंच सुटल्यासारखं वाटतं. हे खरंच आठवतंय, की ऐकल्यामुळे भासतंय, ते तिला ठरवता येत नाही.